सुताराच्या झोपडीपासून सबवूफरपर्यंत

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे तीस किलोमीटरवरच्या वेरूळ येथील दहाव्या लेण्याला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. हे सातव्या शतकातले बौद्ध चैत्यगृह. त्याच्या कमानदार छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दिसतात, पण त्या दगडातच कोरलेल्या आहेत. छताचा भार पेलण्याचे काम त्यांना नाही. आत उभे राहून कुणी खालच्या पट्टीत स्वर लावला, तर तो भिंतींवरून आणि छतावरून परतत राहतो आणि एकाचा आवाज अनेकांचा वाटू लागतो.

आता याच शहरातल्या एखाद्या घरातली बैठकीची खोली घेऊ. हौशी घरमालकाने ओळखीच्या सुताराकडून जाड प्लायवूडची मोठी पेटी करून घेतली आहे. तिच्यात बारा-पंधरा इंची ध्वनिक्षेपक बसवला की झाला सबवूफर, म्हणजे साधारण २० ते १०० हर्ट्झ वारंवारतेचे मंद्र ध्वनी देणारे यंत्र. पण प्रत्यक्ष ऐकताना एक सूर भिंती हादरवतो, तर शेजारचा सूर गायबच होतो. दार उघडून बाहेर गेलो तर घुमणे जास्त, सोफ्यावर बसलो तर काहीच नाही. लेण्यात कानाला गोड लागणारा खर्ज घरात असा का वागतो?

उत्तराचा पाया लॉर्ड रॅले यांच्या १८७७-७८ मधल्या ध्वनिशास्त्रावरील ग्रंथात आहे. बंद खोलीतली हवाही ताणलेल्या तारेप्रमाणे ठरावीक वारंवारतांनाच जोरात कंप पावते. खोलीच्या लांबीत अर्धी तरंगलांबी नेमकी बसली की पहिला स्थिर तरंग तयार होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर ४ मीटर लांबीसाठी ही वारंवारता ३४५ भागिले ८, म्हणजे सुमारे ४३ हर्ट्झ येते. रुंदी आणि उंची प्रत्येकी ३ मीटर असेल, तर दोन्ही दिशांसाठी ५७.५ हर्ट्झ. दोघींची वारंवारता एकच आल्याने तो सूर दुप्पट माजतो. तिरक्या दिशांचे तरंगही धरून १०० हर्ट्झपर्यंतच्या साऱ्या नैसर्गिक वारंवारता मोजल्या, तर त्या अवघ्या आठ भरतात, आणि त्यांतल्याही दोन जोड्या एकमेकींवर पडतात. मधल्या सुरांना खोली साथच देत नाही.

लेण्याचा हिशेब वेगळा आहे. जेम्स बर्जेस यांच्या मोजमापानुसार दहाव्या लेण्याचा अंतर्भाग ८५ फूट १० इंच लांब, ४३ फूट रुंद व ३४ फूट उंच, म्हणजे सुमारे २६ × १३ × १० मीटर आहे. खांब आणि कमान विसरून त्याला साधी पेटी मानले, तर पहिली वारंवारता साडेसहा हर्ट्झच्या आसपास येते, जी कानाला ऐकूच येत नाही. पुरुषाच्या आवाजाच्या १०० हर्ट्झपर्यंत पोचेतो अशा शेकडो वारंवारता दाटीवाटीने उभ्या असतात. कोणताही सूर लावा, साथ द्यायला कुणीतरी आहेच. आमच्या मते लेण्यातला आवाज गूढ वाटण्यामागे गूढ काही नाही, आकारमान आहे.

मग गाद्या-पडदे लावून घुमणे थांबेल काय? १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेले समजतच नव्हते. तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या तेथे आणत, ऑर्गनची नळी वाजवत आणि आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजत. खोलीचे घनफळ आणि शोषण यांचे त्यांनी शोधलेले नाते आजही वापरात आहे. पण त्यांची नळी ५१२ हर्ट्झची होती. ४० हर्ट्झची तरंगलांबी साडेआठ मीटर! चार बोटे जाडीची गादी तिच्यापुढे नसल्यासारखीच.

पेटी एवढी मोठी कशासाठी, हेही पाहू. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी फिरत्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक मांडला. तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी वारंवारता निम्मी केली, तर त्याच्या शंकूला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. शिवाय शंकूच्या मागून निघणारी लाट पुढच्या लाटेला मारते, म्हणून पाठ झाकावी लागते. थुरास यांनी १९३० च्या सुमारास पेटीला भोक ठेवून मागच्या लाटेलाच कामाला लावले. घागरीच्या तोंडाशी फुंकर घातल्यावर होतो तोच हा अनुनाद. १९५४ मध्ये एडगर विलचूर यांनी (तेही अध्यापकच होते) उलट वाट धरली: पेटी पूर्ण बंद आणि आतली हवा हीच स्प्रिंग. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये व रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी या साऱ्याचे गणित बसवले, आणि पेटी अंदाजाने ठोकण्याची गरज संपली. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी मात्र एकदम मिळत नाहीत. आत आडव्या पट्ट्या ठोकतात त्या फळ्या थरथरू नयेत म्हणून. लेण्यातल्या फासळ्यांसारख्या त्या केवळ शोभेच्या नसतात.

एवढे करूनही शेवटचा शब्द खोलीचाच. कोपऱ्यात ठेवलेली पेटी खोलीतला प्रत्येक स्थिर तरंग पुरता जागा करते, म्हणून आवाज मोठा येतो पण घुमतो. सोफा खोलीच्या मधोमध असेल, तर ४३ हर्ट्झचा निस्पंद नेमका ऐकणाऱ्याच्या कानाशी येतो. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांसाठी अनेक मांडण्या तपासल्या. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक पेटी ठेवली, तरी बराच समतोल साधतो असे दिसले. कारण सोपे आहे: दोघी मिळून लांबीचा पहिला तरंग खोडतात आणि रुंदीच्या पहिल्या तरंगाच्या निस्पंदावरच बसलेल्या असतात. मोठी एक पेटी घेण्यापेक्षा मध्यम दोन घेणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. स्लॅबमधून खर्ज झेलणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही ते मानवेल.

एकच पेटी असेल, तर ती तात्पुरती सोफ्यावर ठेवावी, खर्जाचे गाणे लावावे आणि भिंतीकडेने रांगत ऐकावे. जिथे सारे सूर सारखे लागतात ती पेटीची जागा. ध्वनीचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी फरक पडत नाही, हे परस्परतेचे तत्त्व हेल्महोल्ट्झ व रॅले यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते.

वर्गातही हे करता येते. ६ मीटर लांब खोलीच्या कोपऱ्यात ध्वनिक्षेपक ठेवून त्यावर मोबाइलमधून ११५ हर्ट्झचा एकच सूर सोडावा. विद्यार्थ्यांनी एक कान बंद करून लांब भिंतीला लागून सावकाश चालावे आणि आवाज पडतो तिथे खडूने खूण करावी. इतर दिशांचे तरंग मिसळत असल्याने खुणा थोड्या मागेपुढे पडतील. त्या साधारण दीड-दीड मीटरवर आल्या, तर अंतराची दुप्पट म्हणजे तरंगलांबी, तिला ११५ ने गुणले की ध्वनीचा वेग.