पाटणे येथील प्राचीन मणी

पाटणे (ता. चाळीसगाव, जि. जळगाव) येथील उत्तर पुराश्मयुगीन स्थळी सापडलेले शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी भारतातील सर्वांत जुन्या ज्ञात अलंकारांपैकी आहेत. एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये येथे उत्खनन केले. कवचाचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा आहे. असे मणी घडवताना कवचाच्या तुकड्याला अणकुचीदार दगडी हत्याराने भोक पाडून कडा घासून गोल करीत. कवच ठिसूळ असल्याने हे काम नाजूक होते. भारतात इतरत्र मिळालेल्या कवचांवरील बहुतेक रेघा नैसर्गिक ठरल्या, पाटण्याच्या एका तुकड्यावरील जाळीदार कोरीवकाम मात्र मानवनिर्मित मानले जाते. पाटणे भास्कराचार्यांच्या परंपरेतील शिलालेखामुळेही परिचित आहे. शहामृग भारतातून पुढे नामशेष झाला.