मुलांची भेट तुटल्यास कौटुंबिक न्यायालयाचा आदेश पुन्हा उघडता येतो का?

होय. मुलांचा ताबा आणि भेट यांविषयीचे आदेश कायमचे अंतिम मानले जात नाहीत. हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 26 नुसार न्यायालय असा आदेश वेळोवेळी बदलू, स्थगित किंवा रद्द करू शकते. सर्वोच्च न्यायालयानेही रोझी जेकब प्रकरणात (1973) हीच भूमिका घेतली आहे. (‘ताबा’ हा शब्द जमिनीसाठीही वापरतात, त्यामुळे तो खटकतो, पण आदेशात तोच असतो म्हणून येथेही ठेवला आहे.)

अर्ज करण्यापूर्वी एक गोष्ट नीट ठरवा: भेट कोणामुळे थांबली?

आदेशात भेटीचे दिवस ठरलेले आहेत, पण समोरची व्यक्ती मूल आणत नसेल, तर आदेश बदलून मागण्याची गरज नाही. त्याच न्यायालयात आदेशाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त करावी. येथे अनेकांची गल्लत होते व महिने वाया जातात.

आपणच जाऊ शकला नसाल, म्हणजे आजारपण, ऊसतोडीसारखे स्थलांतर, तुरुंगवास किंवा परगावची नोकरी यांमुळे खंड पडला असेल, तर बदललेली परिस्थिती सांगून आदेशात बदल मागावा. खंड लपवू नका. तो का पडला आणि आता काय बदलले, हे शपथपत्रात तारखांसह लिहा. न्यायालय मुलाचे हित आधी पाहते. दोन-तीन वर्षे न भेटलेले लहान मूल आपल्याला ओळखणारही नाही, म्हणून एकदम सुट्टीभराचा ताबा मागण्यापेक्षा आधी व्हिडिओ कॉल, मग समुपदेशकासमोर थोडा वेळ भेट, अशी पायरीपायरीने मागणी केलेली बरी. व्हिडिओ कॉलद्वारे संपर्काचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणात (2020) मान्य केला आहे.

आदेश आपल्या गैरहजेरीत, एकतर्फी झाला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज 30 दिवसांत करावा लागतो. समन्स रीतसर मिळालेच नसेल, तर आदेशाची माहिती झाल्यापासून हे दिवस मोजतात. उशीर झाला असल्यास विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा.

मूल कोठे आहे हेच माहीत नसेल, तर शेवटचा पत्ता, शाळा व नातेवाईक यांची माहिती अर्जात द्या. नेहमीच्या मार्गाने नोटीस बजावता येत नसेल, तर न्यायालय वर्तमानपत्रातून नोटीस देण्याची परवानगी देऊ शकते. पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली नवा अर्ज करायचा असल्यास तो मूल सामान्यतः राहते तेथील न्यायालयात होतो, आपण राहता तेथे नव्हे. हा अधिनियम सर्व धर्मीयांना वापरता येतो.

सोबत जुन्या आदेशाची प्रमाणित प्रत, ओळखपत्र, पोटगी भरल्याच्या पावत्या आणि भेटीसाठी केलेले संदेश जोडा. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवू नका. दोन्ही बाबी स्वतंत्र आहेत, आणि थकबाकी आपल्याच विरुद्ध जाते. त्याचप्रमाणे, पोटगी थकली म्हणून भेट परस्पर बंद करता येत नाही. मात्र मारहाणीचा किंवा मुलाला धोका असल्याचा प्रश्न असेल, तर ते लगेच न्यायालयाला सांगून भेट स्थगित करण्याची मागणी करावी.

मोफत वकील: महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना राज्याने ठरवलेली उत्पन्न मर्यादा लागू होते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. मदत क्रमांक 15100.