अंधाराची दुरुस्ती

सप्टेंबर २०१२मध्ये ‘थीफ’ या जुन्या कॉम्प्युटर गेमच्या चाहत्यांच्या एका फ्रेंच संकेतस्थळावर एक फाइल येऊन पडली. टाकणाऱ्याने नाव लावलं होतं ‘ल कोर्बो’. फ्रेंचमध्ये याचा साधा अर्थ कावळा. पण १९४३ साली याच नावाचा एक चित्रपट आला, आणि तेव्हापासून निनावी पत्रं धाडणाऱ्यालाही तिकडे ‘कोर्बो’ म्हणतात. फाइल होती ‘थीफ २’ची आवृत्ती १.१९. जोडीला ‘सिस्टम शॉक २’ची आवृत्ती २.४.

आकडे नीट बघा. ‘थीफ २’ची कंपनीने काढलेली शेवटची आवृत्ती होती १.१८ आणि ‘सिस्टम शॉक २’ची २.३. म्हणजे या कावळ्याने स्वतःचा नवा क्रम सुरू केला नव्हता. कंपनीने जिथे काम सोडलं होतं, तिथून पुढचा आकडा त्याने टाकला होता. आणि ती कंपनी, लुकिंग ग्लास स्टुडिओज, २४ मे २००० रोजीच बंद पडली होती. बारा वर्षांपूर्वी टाळं लागलेल्या दुकानातून अचानक नवा माल बाहेर यावा, तसा हा प्रकार.

फाइल कुणी लिहिली हे त्याने सांगितलं नाही. पण ज्यांनी ती चालवली त्यांच्या एक गोष्ट लगेच लक्षात आली. हे काम बाहेरून ठिगळ लावणाऱ्याचं नव्हतं. ज्याच्या हातात मूळ सोर्स कोड आहे, त्याचंच हे काम असू शकत होतं. आणि तो कोड तर हरवला आहे, असं सगळे कित्येक वर्षं धरून चालले होते.

अंधार हाच नियम

‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ नोव्हेंबर १९९८मध्ये आला. तेव्हा मी रांगत होतो. त्या काळी ‘पहिल्या पुरुषी’ गेम म्हणजे बंदूक घ्यायची आणि समोर येईल त्याला उडवायचं. अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या या कंपनीने उलटं केलं. तुमचा नायक गॅरेट हा चोर. तलवार आहे, पण दोन पहारेकरी एकदम अंगावर आले तर तो बहुधा मरतोच. त्यामुळे लढायचं नाही, दिसायचं नाही. मशाल विझवायला पाण्याचे बाण, आणि फरशीवर पाऊल वाजू नये म्हणून शेवाळाचे बाण.

स्क्रीनच्या तळाशी एक छोटं रत्न असतं. तुम्ही उजेडात आलात की ते उजळतं, सावलीत शिरलात की काळं पडतं. तुम्ही पहारेकऱ्याला किती दिसता, हे ते सांगतं. आवाजाचंही तसंच. लेव्हल बनवणारे प्रत्येक खोलीचा अदृश्य आराखडा गेमला देत. आवाज भिंतीतून आरपार न जाता दारांमधून, बोळांमधून वळसे घेत जाई. दार लावलं की तो दबे. गालिच्यावर चाललात तर कुणाला पत्ता नाही, लोखंडी जाळीवर चाललात तर अख्ख्या वाड्याला कळलं. आणि हा हिशोब दोन्ही बाजूंनी चाले. पहारेकऱ्याला तुमची चाहूल लागे, तसंच तुम्हालाही त्याचं पुटपुटणं ऐकून तो किती लांब आहे ते कळे.

या सगळ्याच्या मुळाशी जो कोड होता, त्याला ‘डार्क इंजिन’ म्हणत. त्यावर तीन प्रसिद्ध गेम उभे राहिले : ‘थीफ’, १९९९चा ‘सिस्टम शॉक २’ आणि मार्च २०००मधला ‘थीफ २ : द मेटल एज’. तिसरा आला आणि दोन-अडीच महिन्यांत कंपनी संपली.

आता जुने गेम ‘चालवणं’ या शब्दाकडे बघू. आपण इंजिनिअर लोक सहज म्हणून जातो की चालतंय ना, मग झालं. पण शूटिंग गेममध्ये रंग थोडे उडाले, एखादा आवाज गेला, तरी गोळी लागायची तिथे लागते. ‘थीफ’मध्ये उजेड आणि आवाज ही सजावट नाही, तेच खेळाचे नियम आहेत. स्क्रीन गरजेपेक्षा काळी झाली तर तुम्हाला काही दिसत नाही. पहारेकऱ्याला मात्र तुम्ही पूर्वीइतकेच दिसता, कारण त्याचा हिशोब आतल्या आकड्यांवर चालतो, तुमच्या मॉनिटरवर नाही. त्यामुळे असा गेम नुसता सुरू होऊन भागत नाही, तो बरोबर चालावा लागतो.

एकेक खिळा निखळत गेला

मोडतोड एका दिवसात झाली नाही. प्रत्येक नव्या विंडोजबरोबर, नव्या चिपबरोबर थोडी थोडी होत गेली.

पहिली अडचण दारातच. गेमचा इन्स्टॉलर विंडोज ९५ आणि ९८ ओळखायचा. २००१मध्ये एक्सपी आली, ती एनटी घराण्यातली. तिला बघून इन्स्टॉलर आत घ्यायलाच तयार नसे. मग सेटअपच्या आदेशापुढे ‘एलजीएनटीफोर्स’ असा एक छुपा शब्द लिहायचा, की गुपचूप इन्स्टॉल व्हायचा. ‘एलजी’ म्हणजे लुकिंग ग्लास. कंपनीतल्याच कुणीतरी ही मागची खिडकी उघडी ठेवली होती. चोराच्या गेमला ते शोभूनही दिसतं.

मग प्रोसेसर बदलले. हा गेम एका कोअरसाठी लिहिलेला. दोन-चार कोअर असलेल्या मशीनवर तो मध्येच गोठायचा किंवा कोसळायचा. इलाज असा, की विंडोजला सांगायचं, याला एकाच कोअरवर बसव. तुमच्याकडे चार बैल आहेत, पण गाडी चालायची असेल तर तीन सोडून द्या.

मधली फिल्म दिसेनाशी झाली, कारण ती ‘इंडिओ’ नावाच्या कोडेकमध्ये होती आणि तो पुढच्या विंडोजमधून बाद झाला. स्क्रीन रुंद झाल्या, गेम मात्र चौकोनी मॉनिटरचाच राहिला. आणि सगळ्यात मोठा घाव बसला आवाजावर. विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने आवाजाची रचनाच बदलली. साउंड कार्डाकडून थेट त्रिमितीय आवाज आणि खोलीप्रमाणे घुमणारे प्रतिध्वनी घेण्याची जुनी वाट बंद झाली. तळघरातला घुमणारा आवाज आणि गालिच्याच्या दालनातला दबका आवाज यांच्यातलं अंतर कमी झालं. चालायला गेम चालतच होता. कानाने खेळण्याचा गेम मात्र अर्धा बहिरा झाला होता.

चाहते गप्प बसले नव्हते. ‘डीडीफिक्स’ नावाचं एक ठिगळ बरंच वापरात होतं. सोर्स कोड नसताना, तयार एक्झी फाइल चालू असतानाच तिच्यातल्या ग्राफिक्सच्या हाका अडवून त्या नव्या पद्धतीने पूर्ण करायच्या, असं ते काम. काहींनी तर ‘ओपनडार्क’ या नावाने अख्खं इंजिन शून्यातून पुन्हा लिहायला घेतलं.

ज्यांनी प्रोग्रॅमिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक्झी म्हणजे आजीने करून ठेवलेला गोड्या मसाल्याचा डबा. सोर्स कोड म्हणजे प्रमाण लिहिलेली तिची वही. डबा असेतो आमटीला चव येते. पण मसाला थोडा बदलायचा असेल, कुणाला तीळ चालत नसतील, तर डब्यातून तीळ वेचून काढता येत नाहीत. माझ्या पहिल्या नोकरीत असाच एक डबा होता. पैशांचा हिशोब करणारा एक प्रोग्रॅम, ज्याचा कोड कुठल्या तरी जुन्या मशीनबरोबर भंगारात गेला होता. त्याच्यासाठी एक जुना सर्व्हर अजून जिवंत ठेवला होता आणि त्याला अपडेट देण्याची कुणाची हिंमत नव्हती. ‘थीफ’ची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला गेमच्या आधी तो सर्व्हर आठवला. कोड हरवणं ही आमच्या धंद्यात काही जगावेगळी घटना नाही. सापडणं ही आहे.

वही सापडली

२०१०मध्ये सेगाच्या ड्रीमकास्ट या गेमयंत्राच्या चाहत्यांमध्ये बातमी पसरली. त्यांच्यातल्या एकाने ड्रीमकास्टसाठी गेम बनवण्याचं जुनं यंत्र विकत घेतलं होतं आणि त्यासोबतच्या सामग्रीत डार्क इंजिनचा सोर्स कोड निघाला. सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन २००१मध्येच थांबवलं होतं. एका मेलेल्या कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या मेलेल्या यंत्राच्या सोबतीने जपला गेला. ना कुठलं संग्रहालय, ना बॅकअपचं धोरण. कुणीतरी एक खोकं फेकून दिलं नाही, एवढंच.

सापडलेला कोड पूर्ण नव्हता, त्यात काही लायब्रऱ्या नव्हत्या. म्हणून पुढची दोन वर्षं लोक ‘सापडला’ म्हणून आनंद करत होते आणि ‘पण करायचं काय’ म्हणून गप्पही होते. मग आला कावळा.

त्याच्या कामाला लोकांनी नाव दिलं ‘न्यूडार्क’. चित्र काढण्याचा भाग डायरेक्टएक्स ९वर नेलेला. रुंद स्क्रीन, ३२ बिट रंग, उजेडाचे हिशोबही ३२ बिटमध्ये, त्यामुळे सावलीच्या कडेला दिसणारे पट्टे गेले आणि काळोख मऊ झाला. आवाजासाठी ओपनएएल, म्हणजे विंडोजने बंद केलेली वाट वळसा घालून पुन्हा उघडली. बहुकोअर मशीनवर गोठणं थांबलं. फिल्म पुन्हा दिसू लागली. गेमच्या आतल्या जुन्या मर्यादा, म्हणजे एका लेव्हलमध्ये किती भाग आणि किती वस्तू असाव्यात याच्या, त्या कितीतरी वाढल्या. थोड्याच काळात पहिल्या ‘थीफ’लाही हेच इंजिन मिळालं.

मला यात सगळ्यात आवडतं ते त्याने काय केलं नाही ते. त्याने पहारेकरी हुशार केले नाहीत, चेहरे गोंडस केले नाहीत, नकाशात ‘इकडे जा’ असा बाण टाकला नाही. १९९८मध्ये जे होतं तेच, फक्त आजच्या मशीनवर. आपलं नाव लावायची सोय नसताना इतका संयम ठेवायचा, हे प्रत्येक कोड रिव्ह्यूमध्ये ‘मी असतो तर वेगळं केलं असतं’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी बघण्यासारखं आहे.

मग ही चोरी की नाही?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्या कोडवर चाहत्यांचा कायदेशीर हक्क नव्हता. ‘थीफ’चे हक्क आयडॉसकडे होते, २००९मध्ये आयडॉस स्क्वेअर एनिक्सने घेतली, २०२२मध्ये ही मालमत्ता एम्ब्रेसर ग्रुपकडे गेली. ‘सिस्टम शॉक’ची कथा आणखी विचित्र. लुकिंग ग्लास बुडाल्यावर त्याचे हक्क चक्क एका विमा कंपनीच्या ताब्यात आले. दशकभर हा गेम कुठेही रीतसर विकत मिळत नव्हता. शेवटी स्टीफन किक या तरुणाला प्रवासात तो आपल्या लॅपटॉपवर खेळायचा होता आणि तो चालेना. म्हणून त्याने विमा कंपनीशी संपर्क साधला, परवाना मिळवला, नाइट डाइव्ह नावाची कंपनी काढली आणि २०१३मध्ये गेम पुन्हा बाजारात आणला. त्या रीतसर विकल्या जाणाऱ्या प्रतीतही निनावी कावळ्याचं २.४ मालिकेतलंच इंजिन धावू लागलं.

म्हणजे मालकाकडे हक्क होता, पण चालता गेम नव्हता. निनावी माणसाकडे चालता गेम होता, पण हक्क नव्हता. ग्राहकाला दोन्ही एकत्र मिळाले, ते कायद्यामुळे नाही, दोन्ही बाजूंनी डोळेझाक केल्यामुळे. मला हे समाधानकारक वाटत नाही. डोळेझाकीवर टिकलेली गोष्ट कुणाच्या तरी मर्जीवर टिकलेली असते. उद्या एखाद्या नव्या मालकाच्या वकिलाला वेगळं वाटलं तर? कॉपीराइट लेखकाला, कलाकाराला कमाईचं संरक्षण देतो, ते मला मान्य आहे. मीही कोड लिहूनच पोट भरतो. पण जी वस्तू मालक स्वतः विकतही नाही आणि सांभाळतही नाही, तिची डागडुजी करणाऱ्याला नाव लपवावं लागत असेल, तर त्या नियमात काहीतरी चुकलेलं आहे.

आणि डागडुजीने काय होतं बघा. ‘थीफ’ची लेव्हल बनवण्याचं साधन, ड्रोमेड, चाहत्यांच्या हाती १९९९पासून आहे. ते पावलोपावली कोसळायचं, तरी लोकांनी त्यात शेकडो नवी मिशन्स बनवली. न्यूडार्कने हेही साधन सुधारलं. २०२३मध्ये ‘थीफ’ला २५ वर्षं झाली तेव्हा चाहत्यांनी ‘द ब्लॅक परेड’ नावाची दहा मिशन्सची अख्खी नवी मोहीम फुकट दिली. जुन्या मर्यादांमध्ये तिचे प्रचंड नकाशे बसलेच नसते. म्हणजे कावळ्याने नुसतं जुनं जपलं नाही, नव्याला जागा करून दिली.

मी पहिला भाग २०२०च्या लॉकडाऊनमध्ये खेळलो, पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत, हेडफोन लावून. माझ्याच वयाच्या जवळपासचा हा गेम. त्यात एका दाराआड उभं राहून पलीकडच्या पावलांचा आवाज लांब जाईपर्यंत श्वास रोखून धरला होता. तो आवाज माझ्यापर्यंत पोचावा म्हणून कुठल्याशा माणसाने किती रात्री घातल्या असतील, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

तुम्हाला खेळायचा असेल तर सोपं आहे. ‘थीफ गोल्ड’ सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळतो. त्यावर ‘टीफिक्स’ नावाचा चाहत्यांनी बांधलेला संच टाका, न्यूडार्क त्यातच आहे. दुसऱ्या भागासाठी ‘टी२फिक्स’. हेडफोन लावा, खोलीतला दिवा मालवा. आणि आज तुमच्या फोनवर जे गेम आहेत, ज्यांचा निम्मा भाग कंपनीच्या सर्व्हरवर राहतो, त्यांचा थोडा विचार करा. ‘थीफ’ची निदान एक्झी लोकांच्या सीडीवर होती, म्हणून ती दुरुस्त होईपर्यंत तग धरता आला. सर्व्हर बंद झाला की त्या गेमची वही तर जाईलच, मसाल्याचा डबाही जाईल. तिथे कुठला कावळा काय करणार?