गाणं संपल्यावरची अक्षरं

आपल्याकडे रॉकवेड्यांची मैफल जमली की दोन गोष्टी हटकून निघतात. ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला ही एक. ‘लेड झेपेलिन’च्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ साली मुंबईत इथल्याच वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं ही दुसरी. दोन्ही इतक्या गुळगुळीत झाल्यात की सांगणाऱ्याला आता कुणी चहासुद्धा पाजत नाही. मग कुणीतरी हळूच विचारतो, “पण रेकॉर्डवर काय लिहिलंय ते वाचलंयस का?” लेबलवर नव्हे, रेकॉर्डवर. इथं बहुतेकांची बोलती बंद होते.

मला हा प्रकार कळला तो चोरबाजारात. जुन्या रेकॉर्डच्या ढिगापाशी एक गृहस्थ उकिडवे बसले होते. कव्हरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. रेकॉर्ड बाहेर काढली, कडा दोन्ही तळव्यांत धरली, बल्बखाली तिरपी केली आणि इंचाइंचानं फिरवत राहिले. ओठ पुटपुटत होते. मी म्हटलं, “ओरखडे बघताय?” ते म्हणाले, “ते दुकानदार बघतो. मी वाचतोय.” आणि त्यांनी ती माझ्या डोळ्यांसमोर धरली. शेवटच्या गाण्याची खाच संपते तिथून लेबलपर्यंत बोटभर रुंदीचा गुळगुळीत काळा पट्टा असतो. सुई त्यावरून झर्रकन आत सरकते आणि एका बंद वर्तुळात फिरत राहते. त्या पट्ट्यात, केसाएवढ्या बारीक रेघेत, कुणीतरी हातानं आकडे आणि अक्षरं कोरली होती. उजेड नेमक्या कोनात पडला तरच ती उठतात. जरा मान हलवली की गेलीच.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालायची रीत आहे. दुकानाच्या कोपऱ्यात बसलेला माणूस ते घुंईं करणारं यंत्र पेनासारखं धरतो आणि डब्याच्या बुडावर आजीचं नाव, लग्नाची तारीख, ‘सप्रेम भेट’ असं सगळं उमटवतो. नाव ज्याचं त्याचं, अक्षर मात्र त्या माणसाचं. रेकॉर्डच्या पट्ट्यावरच्या अक्षरांची कुळकथा साधारण अशीच आहे.

इंग्रजीत या पट्ट्याला ‘डेड वॅक्स’ म्हणतात, म्हणजे मेलेलं मेण. मेण अशासाठी की फार पूर्वी गाणं मेणाच्या जाड तबकडीवर कोरून घेत. मेण गेलं, नाव राहिलं. मजा अशी की अगदी सुरुवातीला हाताचं अक्षर कोपऱ्यात दडलेलं नव्हतंच, ते तबकडीच्या ऐन मधोमध होतं. एमिल बर्लिनरनं १८८७ साली ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. त्याच्या सुरुवातीच्या सात इंची तबकड्यांना कागदी लेबल नसे. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, सगळं मधल्या गोलात कोरलेलं असे आणि पुष्कळदा ते हातानंच लिहिलेलं असे. १९०० च्या सुमारास कागदी लेबल आलं आणि हाताच्या अक्षराची जागा गेली. तरी ते पुरतं हटलं नाही, लेबलाच्या कडेला सरकून बसलं.

कारण तिथं त्याची गरज होती. कारखान्यातल्या धातूच्या साच्यांना लेबल नसतं. शेकडो साचे एकासारखे एक, कुठला कुणाचा हे ओळखायचं कसं? म्हणून प्रत्येकावर एक क्रमांक, ज्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. ओळख पटवण्याची हीच अडचण कलकत्त्यात वेगळ्या तऱ्हेनं सुटली होती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गनं तिथं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. हे नखरे नव्हते. तबकडी छापली जाणार जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगाराला ठुमरीवरून गायिका कशी कळणार? ते कोरण्याऐवजी गाऊन झाल्यावर बोललेलं लेबल होतं, एवढंच.

आता कोरतात कसं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा लेप दिलेला असतो. हे लॅकर आणि बायकांचं नेलपॉलिश ही चुलत भावंडं, दोन्हींच्या मुळाशी नायट्रोसेल्युलोज. लेथवर ही चकती फिरते आणि तापलेलं पाचरीच्या आकाराचं रत्न तिच्यात खाच पाडत जातं. निघणारी काळी दोरी नळीनं ओढून घ्यावी लागते, नाहीतर खाचेत गुंतते. बाजू वीस मिनिटांची असेल तर कोरायलाही वीस मिनिटं लागतात. मध्ये थांबता येत नाही आणि खोडता येत नाही. चूक झाली की नवी चकती. कोरून झालं की तो कारागीर, कटिंग इंजिनिअर म्हणा, टोकदार सुईसारखं हत्यार घेतो आणि रिकाम्या पट्ट्यात क्रमांक लिहितो. एक कण जरी उडून खाचेत पडला तरी सगळं वाया. हा माणूस श्वास रोखून लिहीत असणार. मग त्या लॅकरवर धातू चढवून उलटा साचा, त्यावरून सुलटी ‘मदर’, तिच्यावरून पुन्हा उलटे ‘स्टँपर’ आणि स्टँपरखाली दाबलेल्या हजारो तबकड्या. त्या प्रत्येकीवर त्या एका हाताचं तेच अक्षर.

इंग्लंडच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं या क्रमांकांची पद्धतच बसवली होती. मॅट्रिक्स नंबर खाली ठेवून रेकॉर्ड धरली तर घड्याळातल्या नऊच्या जागी मदरचा आकडा आणि तीनच्या जागी स्टँपरची अक्षरं. अक्षरं अशी की ‘ग्रामोफोन लिमिटेड’वरून दहा निरनिराळी रोमन अक्षरं निवडलेली: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. जी म्हणजे एक, आर म्हणजे दोन, शेवटचा डी म्हणजे शून्य. ‘जीओ’ दिसलं तर पंधरावा स्टँपर. डेक्कानं यासाठी ‘बकिंगहॅम’ हा शब्द घेतला, त्यातही दहा अक्षरं आणि एकही दोनदा नाही. म्हणजे ईएमआयच्या बीटल्सची रेकॉर्ड एका शब्दानं वाचायची आणि डेक्काच्या रोलिंग स्टोन्सची दुसऱ्यानं. आपल्या कापडदुकानदारांना यात नवल वाटणार नाही. साडीच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव अक्षरांत लिहून गिऱ्हाईकासमोर निवांत बसायची विद्या त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. फरक एवढाच की इथं गिऱ्हाइकांनीच किल्ली शोधून काढली. ‘१’ आणि ‘जी’ एकत्र दिसले की पहिली मदर, पहिला स्टँपर. किंमत तिथल्या तिथं चढते.

किंमत कशी चढते याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण दोन अक्षरांचं आहे. ‘लेड झेपेलिन टू’ ही १९६९ ची रेकॉर्ड अमेरिकेत तरुण रॉबर्ट लुडविगनं कोरली, दणकून, मोठ्या आवाजात. खाचा इतक्या नागमोडी झाल्या की हलक्या प्लेयरवर सुई उडायची. लुडविग सांगतो त्याप्रमाणे अटलांटिक कंपनीच्या अहमत एर्टेगुनच्या मुलीच्या प्लेयरवर ती उडाली आणि कंपनीनं सौम्य आवाजात पुन्हा कोरून घेतली. कव्हर तेच, लेबल तेच. फरक कळतो तो फक्त पट्ट्यातल्या ‘आरएल’ या आद्याक्षरांवरून. आज दर्दी लोक त्या दोन अक्षरांसाठी खिसा रिकामा करतात.

आद्याक्षरांवरून सह्यांवर यायला वेळ लागला नाही. लिव्हरपूलचा जॉर्ज पेकहॅम आधी बँडमध्ये गिटार वाजवायचा, मग बीटल्सच्या ॲपल स्टुडिओत कोरण्याच्या कामाला लागला. त्याला पोर्की म्हणत आणि त्याची सही होती ‘ए पोर्की प्राइम कट’. खाटकाच्या दुकानात ‘प्राइम कट’ म्हणजे उत्तम तुकडा, पोर्की म्हणजे डुक्कर आणि कट म्हणजे रेकॉर्ड कोरणंही. हे इंग्रजी कोटीचं डुक्कर ब्रिटनमधल्या किती रॉक रेकॉर्डींच्या कडेला बसलंय याला गणती नाही. १९७३ साली माँटी पायथन या विनोदी टोळीसाठी त्यानं एका बाजूवर दोन समांतर खाचा कोरल्या. सुई कुठल्या खाचेत पडेल त्यावर काय ऐकू येईल ते ठरायचं. दोन्ही बाजूंच्या लेबलांवर ‘बाजू दोन’ लिहिलेलं. माणसं चक्रावली नसतील तर नवल. डेनिस ब्लॅकहॅम ‘बिल्बो’ अशी सही करायचा. आणि लंडनच्या ‘मास्टर रूम’ स्टुडिओतल्या अरुण चक्रवर्तींची सही होती नुसती ‘अरुण’. एखाद्या इंग्रजी रेकॉर्डचा पट्टा उजेडात तिरपा करावा आणि शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलाचं नाव निघावं, तसं होतं.

अभंगात ‘तुका म्हणे’ येतं ती कवीची नाममुद्रा. पण पोथी उतरवून काढणाराही शेवटच्या पानावर आपलं नाव, गाव, तिथी घालतो आणि पाठ-मान मोडल्याची तक्रारही करतो. पोर्की, बिल्बो, अरुण यांची अक्षरं त्या शेवटच्या पानावरची.

गाणाऱ्यांचं लक्ष तिकडे गेलं आणि त्यांनी ती जागा बळकावली. बीटल्सनी १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर’च्या शेवटी अक्षर न लिहिता आवाजच भरला. आधी फक्त कुत्र्यांना नीट ऐकू येईल असा अतिउंच स्वर आणि मग त्या बंद वर्तुळात निरर्थक बडबड. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. ज्याच्या प्लेयरचा हात आपोआप उचलत नसेल त्यानं उठून सुई उचलेपर्यंत तीच बडबड. १९७० च्या ‘लेड झेपेलिन थ्री’वर इंजिनिअर टेरी मॅनिंगनं अलेस्टर क्रोली या इंग्रज मांत्रिकाच्या पठडीतली वचनं कोरली, कारण जिमी पेजला त्याचा भारी नाद. पोरांना ती सापडली आणि बँडनं सैतानाशी करार केल्याच्या अफवांना आणखी खतपाणी मिळालं.

पुढं ही चालच पडली. ‘ईगल्स’च्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’वर कोरलंय की ‘व्हिक्टिम ऑफ लव्ह’ हे गाणं पाच जणांनी एकत्र, थेट वाजवलंय, जणू कुणी संशय घेतलाच होता. ‘क्लॅश’नं ‘लंडन कॉलिंग’च्या चार बाजूंवर चार शब्द वाटले: टेअर, डाउन, द, वॉल्स. ‘स्मिथ्स’चा मॉरिसी तर जवळजवळ दर सिंगलवर काहीतरी कोरायला लावायचा. एकदा त्यानं लिहून घेतलं की प्रतिभावंत उसनं घेतो आणि अलौकिक प्रतिभेचा माणूस चोरतो. हे वाक्य त्याचं नव्हतंच, म्हणजे तो बोलल्याप्रमाणे वागला.

सगळ्यांत मात्र मला ‘जॉय डिव्हिजन’चं कोरीवकाम धरून ठेवतं. गायक इयन कर्टिसनं १८ मे १९८० ला गळफास घेतला. आदल्या रात्री टीव्हीवर त्यानं वेर्नर हेर्झोगचा ‘श्ट्रोझेक’ पाहिला होता. त्या चित्रपटाच्या शेवटी नाणं टाकलं की पेटीतली कोंबडी नाचायला लागते आणि नाचतच राहते. पुढच्या वर्षी ‘स्टिल’ हा दुहेरी संच निघाला. पहिल्या बाजूच्या पट्ट्यावर लिहिलंय की कोंबडी थांबणार नाही. मधल्या दोन बाजूंवर शब्दच नाहीत, फक्त कोंबडीच्या पायांचे ठसे, तीन रेघांचे, पट्ट्याभोवती चालत गेलेले. चौथ्या बाजूवर, कोंबडी इथं थांबते.

हे किस्से चाहत्यांना तोंडपाठ असतात आणि ते सांगताना ‘मॉरिसीनं लिहिलं’, ‘झेपेलिननं लिहिलं’ असंच म्हणतात. मला हे जरा खटकतं. मॉरिसीनं सांगितलं असेल. अक्षर त्याचं नव्हे. त्या मऊ लॅकरवर हात थरथरू न देता कोंबडीचे पाय कोण काढत बसलं, हा प्रश्न क्विझमध्ये कधी येत नाही.

मधे सीडी आली आणि या विद्येला कुणी विचारेना. आता एलपी पुन्हा खपायला लागल्यात. २०१४ मध्ये जॅक व्हाइटनं ‘लाझारेटो’च्या कागदी लेबलाखालीसुद्धा गाणी दडवली, तेव्हा हद्दच झाली. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या बॅनिंग गावातला अपोलो मास्टर्स हा कारखाना जळाला. लॅकरच्या चकत्या बनवणारे जगात तेव्हा जेमतेम दोनच कारखाने होते. एक राख झाल्यावर जपानमधला एकच उरला.

चोरबाजारातून परत आलो त्या रात्री मी माळ्यावरचं खोकं काढलं. त्यात वडिलांच्या काही एलपी होत्या, कलकत्त्याजवळच्या दमदमच्या रेकॉर्ड कारखान्यात छापलेल्या, नाट्यगीतांच्या. एकेक काढून ट्यूबलाइटखाली तिरपी करत बसलो. कुठंही सही नाही, विनोद नाही, नुसते आकडे. पण एका रेकॉर्डवर आकड्यांच्या शेवटी एक अंक आडव्या रेघांनी खोडलेला होता आणि शेजारी, जरा घाईत, दुसरा लिहिलेला. मी अंगठ्यानं चाचपून पाहिला. आई म्हणाली, “पुसतोयस काय, लाव की.”