बार्शी लाईट ते जलदूत: एक रूळ रुंद व्हायला शंभरहून जास्त वर्षं का लागली?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना सुटलेले एक-दोन हिशोब इथे नीट मांडलेत.

एप्रिल २०१६ आठवतोय? लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून निघालेली एक मालगाडी लातूरला पोचली. १० टाकीचे डबे, प्रत्येकात साधारण ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० डब्यांच्या गाड्या सुरू झाल्या, एका खेपेला साधारण २५ लाख लिटर. टीव्हीवाल्यांनी 'जलदूत', 'वॉटर ट्रेन' म्हणून दिवसभर दाखवलं.

दुष्काळावर तेव्हा भरपूर बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं. पण ती गाडी ज्या रुळांवरून गेली त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, असा साधारण ३४० किलोमीटरचा हा मार्ग. तो पूर्ण ब्रॉडगेज होऊन तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. हाच दुष्काळ दहा वर्षं आधी पडला असता, तर ही गाडी लातूरला पोचलीच नसती.

का, ते समजून घ्यायला थेट १८६० सालात जावं लागेल.

मेन लाइन गावाला टाळून जाते

१८५३ ला मुंबई-ठाणे गाडी धावली हे आपण शाळेत पाठ केलंय. त्याच जीआयपी रेल्वेचे रूळ १८६० मध्ये सोलापूरला पोचले. रुंदी साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. हेच आपलं ब्रॉडगेज.

आता बार्शी बघा. कापूस आणि धान्याची मोठी बाजारपेठ. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तिकडचा माल मुंबईकडे निघाला की बार्शीच्या पेठेत यायचा. पण रेल्वे बार्शीला आलीच नाही, ती साधारण ३४ किलोमीटर लांबून निघून गेली. तिथल्या स्टेशनाला नाव मात्र दिलं 'बार्शी रोड'. तेच आजचं कुर्डुवाडी. म्हणजे पत्त्यात बार्शी, प्रत्यक्षात पुढे बैलगाडी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यात चाक रुतलं की माल तिथेच.

ही अवस्था ३५ वर्षांहून जास्त काळ होती. ब्रॉडगेजचा फाटा काढायचा तर खर्च जास्त आणि माल हंगामी. हिशोब बसेना.

कॅलथ्रॉप नावाचा इंजिनिअर

इथे आपल्या गोष्टीत एव्हरार्ड कॅलथ्रॉप येतो. १८८२ मध्ये तो जीआयपी रेल्वेच्या नोकरीसाठी भारतात आला. त्याचं म्हणणं होतं, छोट्या गावाला मोठी रेल्वे परवडत नाही ना, मग छोटी रेल्वे द्या. पण ती खेळण्यातली नको, डोकं लावून बनवलेली हवी.

त्याने गेज निवडलं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. खरी युक्ती मात्र गेजमध्ये नव्हती, ती होती वजनाच्या वाटपात. इंजिन असो, मालडबा असो, प्रवासी डबा असो, कोणत्याही एक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही असं त्याने ठरवलं. एकदा हे पक्कं झालं की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, भराव कमी लागतो. त्याने वापरलेले रूळ यार्डाला ३० पौंडांचे होते, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचे रूळ असतात. फरक बघा, चौपट!

आमच्या भाषेत सांगायचं तर त्याने आधी सगळ्यांसाठी एक स्टँडर्ड ठरवलं आणि मग त्यावर अख्खी सिस्टीम उभी केली. १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली, १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू. लोकांच्या तोंडी तिचं नाव 'बार्शी लाईट'.

आणि ती चालली. १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. आता आषाढीला वारकरी आणि एरवी माल, दोन्ही गिऱ्हाइकं हाताशी. १९११ मध्ये लातूर. १९२७ मध्ये मिरज. एकूण २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर. जगभरातल्या छोट्या रेल्वेंच्या इतिहासात बार्शी लाईटचं नाव आजही निघतं.

मग बिघडलं कुठे?

एका जागी. कुर्डुवाडीला.

लातूरहून निघालेली तुरीची पोती नॅरोगेजच्या डब्यातून कुर्डुवाडीला येणार. मुंबईला जाणारी गाडी ब्रॉडगेजची. डबा इकडून तिकडे जाऊ शकत नाही. मग काय? हमाल. प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ एका डब्यातून काढायची, दुसऱ्यात भरायची. मजुरी गेली, वेळ गेला, पोतं फाटलं तर माल गेला, आणि पलीकडे ब्रॉडगेजचा रिकामा डबा हजर नसेल तर माल तिथेच पडून. रेल्वेवाले याला 'ट्रान्सशिपमेंट' म्हणतात.

कॅलथ्रॉपला हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. इंग्लंडमध्ये त्याने लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी रेल्वे उभी केली, १९०४ मध्ये. तिथे त्याने खास वाहक डबे वापरले, म्हणजे मोठ्या गेजचा अख्खा डबा उचलून छोट्या गेजच्या गाड्यावर ठेवायचा. ती रेल्वे मात्र १९३४ मध्ये बंद पडली.

बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर कुर्डुवाडीची ही अडचण चालून गेली. बैलगाडीपेक्षा बार्शी लाईट कितीतरी बरी. पण पुढे ट्रक आला. ट्रक काय करतो? लातूरच्या अडत्याच्या दारातून माल उचलतो आणि थेट मुंबईतल्या गोदामात उतरवतो. मधे कुर्डुवाडी नाही, हमाली नाही. जी रेल्वे स्वस्त म्हणून बांधली होती, तीच हळूहळू महाग ठरायला लागली.

हिशोबाचं चक्र

१९५४ मध्ये सरकारने बार्शी लाईट विकत घेतली. म्हणजे मालकीचा प्रश्न मिटला. आणि हा प्रश्न लहान नसतो बरं का. विदर्भातल्या शकुंतलेचं बघा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा कापसाचा नॅरोगेज मार्ग, किलिक निक्सनच्या कंपनीचा. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं गाड्या चालवणारी आपली रेल्वे आणि मार्गाची मालकी कंपनीकडे, असा प्रकार. १९२१ चं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन तिथे १९९४ पर्यंत ओढत होतं. जो मार्ग आपला नाही त्यावर पैसा कोण घालणार?

बार्शी लाईट तर सरकारची झाली होती. तरी रूळ रुंद व्हायला पुढे ५० वर्षं का गेली?

कारण हिशोब असा मांडला जायचा: या मार्गावर माल किती? कमी. मग रुंदीकरणावर खर्च का करायचा? पण माल कमी का? कारण गेज छोटं, कुर्डुवाडीला माल उतरवावा लागतो, म्हणून व्यापारी ट्रककडे गेला. म्हणजे आजाराचं लक्षण दाखवून औषध नाकारायचं. दरवर्षी थोडा माल आणखी कमी व्हायचा, आणि दरवर्षी रुंदीकरण आणखीच न परवडणारं वाटायचं.

हे चक्र तुटलं ते १९९२ च्या युनिगेज धोरणाने. त्यात प्रश्न एकेका मार्गाच्या नफ्याचा राहिला नाही. देशाचं जाळं शक्यतो एकाच गेजचं हवं, हे आधी ठरलं.

रुंद करणं म्हणजे रूळ सरकवणं नव्हे

बऱ्याच जणांना वाटतं, एक रूळ होता तिथेच ठेवला, दुसरा थोडा लांब नेला, झालं काम. तसं नसतं. ५ टनांच्या एक्सलसाठी बांधलेल्या पुलावर २० टनांहून जास्त एक्सल भाराची गाडी चालत नाही. पूल नवा. भराव रुंद आणि घट्ट हवा, म्हणजे माती नवी, खडी नवी. छोटी गाडी ज्या वळणावर सहज वळायची, तिथे मोठी वळत नाही. म्हणजे वळण सरळ करा, त्यासाठी जमीन घ्या. बालाघाटाच्या डोंगराचा चढ आहे, तिथे चढाचं गणित पुन्हा मांडा. थोडक्यात, कॅलथ्रॉपने ज्या ज्या गोष्टीत पैसे वाचवले होते, ती प्रत्येक गोष्ट पुन्हा पैसे भरून घ्यावी लागली.

त्यात एक चांगली गोष्ट झाली. जुनी लाइन उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, टाळून जात होती. जिल्ह्याचं ठिकाण, पण रेल्वे नाही! १८६० मध्ये बार्शीचं जे झालं तेच. रुंदीकरण करताना मार्गच बदलला आणि गाडी उस्मानाबादला नेली.

काम टप्प्याटप्प्याने झालं. कुर्डुवाडी-पंढरपूर २००१-०२ च्या सुमारास, लातूर-उस्मानाबाद २००७, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ आणि शेवटी पंढरपूर-मिरज २०१०-११ च्या सुमारास.

आता जलदूतचा हिशोब

नॅरोगेज असती तर? चार एक्सलचा डबा, प्रत्येकी ५ टन, म्हणजे भरलेला डबा जास्तीत जास्त २० टनांचा. डब्याचं स्वतःचं वजन ५-६ टन धरा. पाणी उरलं १४-१५ हजार लिटर. २५ लाख लिटरसाठी जवळपास १७० डबे लागले असते. ब्रॉडगेजवर ५० डब्यांची एक गाडी पुरली.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. हे टाकीचे डबे आले कुठून? राजस्थानातल्या कोट्याहून. तिथल्या वर्कशॉपमध्ये ते वाफेने धुतले, साफ केले आणि तिथूनच मिरजेला रवाना केले. म्हणजे संकटाच्या दिवशी देशात कुठेही पडलेला डबा लातूरच्या कामी येऊ शकला. रुंदीकरणाची खरी कमाई हीच. लातूर जाळ्याला जोडलं गेलं. हा फायदा १९६० किंवा १९७० च्या परताव्याच्या कुठल्याही तक्त्यात दिसला नसता.

पण सगळं गोड नाही

आज रेल्वेची मालवाहतूक मुख्यतः अख्ख्या गाडीच्या हिशोबाने चालते. साखर, खत, सिमेंट, धान्य असं हजारो टन एकदम भरणारं गिऱ्हाईक तिला हवं. बार्शी लाईटच्या काळात दहा-वीस पोती घेऊन स्टेशनवर येणाऱ्या व्यापाऱ्यालाही जागा होती. आज दोन टन तूर घेऊन शेतकरी मालधक्क्यावर गेला, तर त्याच्यासाठी तिथे काही नाही. त्याला ट्रकच.

गेज रुंद झालं, पण दार अरुंद झालं. कॅलथ्रॉपने विचारलेला प्रश्न, छोट्या गावाच्या छोट्या मालाला परवडेल अशी रेल्वे कशी द्यायची, तो आजही तसाच आहे. त्याचं उत्तर चुकलं असेल, प्रश्न बरोबर होता. म्हणून पुढच्या वेळी 'या मार्गावर मालच नाही' असं कुणी म्हणालं, की एक गोष्ट जरूर विचारा: माल नाही, की माल द्यायची सोय नाही?

तुमच्या घरात कुणी बार्शी लाईटने प्रवास केला असेल, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये किंवा मालधक्क्यावर काम केलं असेल, तर त्यांना हा भाग ऐकवा आणि त्यांची आठवण व्हॉइस नोट करून आम्हाला पाठवा. निवडक आठवणी पुढच्या भागात घेऊ. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!