नवेगावबांध आणि ताऱ्यांकडे निघालेले जहाज

दुसऱ्या ताऱ्याकडे माणसांची वसाहत घेऊन जाणारे यान ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. रॉबर्ट गोडार्ड याने १४ जानेवारी १९१८ रोजी मानवजातीच्या अखेरच्या स्थलांतराविषयी एक टिपण लिहिले आणि पाकिटात मोहरबंद करून ठेवले. १९२८ मध्ये त्सिओल्कोव्हस्कीने हजारो वर्षे चालणाऱ्या तारवाचा विचार मांडला. त्यातले प्रवासी वाटेतच जन्मणार होते आणि वाटेतच मरणार होते.

पिढ्यांचा हिशेब येतो तो अंतरामुळे. सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे आणि व्हॉयेजर-१ च्या वेगाने तेथे पोहोचण्यास सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या ‘डेडलस’ आराखड्याने (१९७३-७८) सुमारे पन्नास वर्षांत बर्नार्डच्या ताऱ्यापर्यंत जाणारे इंजिन कागदावर तरी उभे केले. पण त्या यानात माणूसच नव्हता. माणसे घेतली की प्रश्न इंजिनाचा उरत नाही. ‘प्रोजेक्ट हायपेरियन’ या अलीकडच्या स्पर्धेने सुमारे हजार माणसे अडीचशे वर्षे जगवणारे जहाज मागितले. अडीचशे वर्षे दुरुस्ती कोण करणार?

अशा मुदतीचा एक अनुभव गोंदिया जिल्ह्यात आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. कोहळी हे तलाव बांधणारेच लोक. जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन, असा गोंड राजवटीचा रिवाज होता. मातीची पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, जादा पाणी वाहून नेणारा सलंग. रचना साधीच, पण गाळ दरवर्षी येतो, पाळ दरवर्षी खचते. ज्याचे धान त्या पाण्यावर उभे, त्याच्याच हाती फावडे होते. तलाव टिकले ते या बांधिलकीमुळे, केवळ बांधणीमुळे नव्हे.

पुढे हे तलाव मालगुजारांकडे गेले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि ते सरकारजमा झाले. आजही कागदोपत्री त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात; हा मामा नात्यातला नव्हे, ‘माजी मालगुजारी’चे लघुरूप आहे. कुळांच्या दृष्टीने हा बदल न्याय्यच होता. मात्र हक्काबरोबर कर्तव्याचीही जुनी गाठ सुटली आणि नवी नीट बसली नाही. अनेक तलाव गाळाने उथळ झाले. पाळ तीच होती, पावसाळाही तोच.

तरीही तलावाला बाहेरून मदत मिळू शकते. निधी येतो, यंत्रे येतात. ॲरिझोनातील ‘बायोस्फिअर-२’ या काचबंद वसाहतीलाही ती मिळाली. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसे आत गेली. सुमारे सोळा महिन्यांत प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून १४.५ वर घसरला. मातीतले सूक्ष्मजीव तो खात होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या भिंती शोषून घेत होत्या, त्यामुळे झाडांना तो परत मिळत नव्हता. शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. ताऱ्यांच्या वाटेवर ‘बाहेर’ नसते.

हायपेरियनच्या नियमांत म्हणूनच एक अट होती: प्रत्येक चमूत वास्तुरचनाकार आणि अभियंता यांच्याबरोबर एक समाजशास्त्रज्ञही असलाच पाहिजे.