हंटर यांचे हृदय आणि जेन्नर यांचे मौन

१/४ १७६८. लंडनच्या वैद्यांपुढे विल्यम हेबर्डन यांनी एका विकाराचे वर्णन वाचले. चालताना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर, छाती आवळते. थांबताच कळ ओसरते. त्यांनी त्यास ‘अंजायना पेक्टोरिस’ म्हटले. कारण मात्र उमगले नाही.

२/४ पुढे देवीच्या लसीमुळे विख्यात झालेल्या एडवर्ड जेन्नर यांना शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या कठीण झालेल्या आढळल्या. पण त्यांचे गुरू, शल्यविशारद जॉन हंटर यांना हीच व्यथा जडली होती. गुरूंना धक्का बसू नये म्हणून जेन्नर यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला नाही.

३/४ १६ ऑक्टोबर १७९३. सेंट जॉर्ज रुग्णालयातील बैठकीत वाद झाला. हंटर शेजारच्या खोलीत गेले आणि कोसळले. शवविच्छेदनाने शिष्याचा तर्क खरा ठरवला.

४/४ छातीवरील दाबामागे आम्लपित्त, स्नायूंचा ताण, चिंता किंवा फुप्फुसाचा विकारही असू शकतो. मात्र दाब काही मिनिटे टिकला, हाताकडे वा जबड्याकडे सरकला, सोबत घाम किंवा धाप असली, तर निदान स्वतः करीत बसू नये; महाराष्ट्रात १०८ वर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. हंटर यांच्या काळी त्या मौनाने उपचार हुकला नाही, कारण उपचारच नव्हता. आज आहे; म्हणून आज मौन परवडत नाही.